खंडेनवमीचं पिस्तूल

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या जुन्या मराठी घरातून एखादं हत्यार बाहेर यायचं असेल तर त्याच्याआधी त्याची गोष्ट बाहेर येते. तलवार असली तर ती पानिपतावर गेलेली असते, भाला असला तर तो महादजींच्या हुजुरातीतला असतो, आणि ठासणीचं पिस्तूल असलं तर ते सत्तावन्नचं. दुसरं सालच नाही. ग्वाल्हेरातल्या यच्चयावत पिस्तुलांनी एकाच धामधुमीत कामी यावं आणि नंतर दीडशे वर्षं देवघराच्या कपाटात स्वस्थ पडून राहावं, याची मला फार गंमत वाटते.

गोष्टीला जागा आहे, हे मात्र कबूल. १४ जून १८५७ ला मुरारच्या छावणीत ग्वाल्हेर कंटिंजंट, म्हणजे इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालची फौज, उठली. पुढे तीच फौज तात्या टोप्यांबरोबर कानपुरात इंग्रजांशी भिडली. १ जून १८५८ ला तात्या, रावसाहेब पेशवे आणि झाशीची राणी ग्वाल्हेरावर आले, जयाजीराव शिंदे आग्र्याकडे निघून गेले, आणि महिन्याच्या मध्याला कोटा की सरायच्या लढाईत राणी पडली. तिची समाधी फूलबागेत आहे, आम्ही शाळेतून तिथे रांगेनं जात असू. त्या तीन आठवड्यांत या शहरात किती हत्यारं हातोहात फिरली असतील, कुणी विहिरीत टाकली असतील, कुणी माळ्यावर दडवली असतील, त्याला गणती नाही. त्यामुळे प्रत्येक घराची गोष्ट शक्य कोटीतली असते. शक्य आणि खरं यांच्यामध्ये जी फट असते, तिच्यात डोळा घालून बसायचा मला नाद आहे. नोकरी बँकेत झाली, पण सुट्ट्या या नादात गेल्या.

ग्वाल्हेरात पिस्तूल या विषयाला आणखी एक सावली आहे. ३० जानेवारी १९४८ ला दिल्लीत जे बेरेटा पिस्तूल चाललं ते ग्वाल्हेरातून मिळवलेलं होतं, हे खटल्यात आलेलं आहे. आमच्या आजोबांच्या पिढीत म्हणून हा शब्द घरात मोठ्यानं कुणी उच्चारत नसे. पाहुण्यांसमोर तलवारीचं कौतुक व्हायचं, पिस्तुलाचं नाही. दौलतगंजातल्या आमच्या मामांकडे पिस्तूल आहे हे मला इतक्या उशिरा कळलं, त्याचं कारण बहुधा हेच असावं.

कळलं तेही वाटणीमुळे. तीन भाऊ, एक वाडा, आणि तो घ्यायला टपलेला बिल्डर. भांडी, कंदील, पलंग यांची वाटणी शांतपणे झाली आणि पिस्तुलापाशी गाडी अडली. मामांनी फोन केला. "तुला यातलं समजतं म्हणतात. येऊन एकदा पाहून जा. सत्तावन्नचं आहे, वर सालसुद्धा आहे. पणजोबांचं."

लाल खणात गुंडाळलेलं पिस्तूल मामींनी पाटावर आणून ठेवलं. पितळ लखलखत होतं. इतकं लखलखत होतं की माझ्या पोटात गोळा आला, पण ते नंतर सांगतो.

अशा पिस्तुलाला हात लावण्याआधी एक गोष्ट पाहायची असते, आणि ती म्हणजे ते भरलेलं आहे का. ठासणीचं हत्यार एकदा ठासलं की गोळी झाडल्याशिवाय किंवा काढल्याशिवाय रिकामं होत नाही, आणि भरून ठेवून विसरून जाणं ही त्या काळची नेहमीची गोष्ट. सोरा, कोळसा आणि गंधक यांची काळी दारू कोरडी राहिली तर दीडशे वर्षांनीही पेट घेऊ शकते. मी लाकडाची बारीक काडी नळीत सोडली, तोंडापाशी पेन्सिलीनं खूण केली, मग तीच काडी नळीच्या बाहेरून धरून पाहिली. काडी मागच्या टोकापर्यंत, म्हणजे जिथे दारू पेटवणारी ठिणगी आत शिरते तिथपर्यंत, पोचायला हवी होती. ती दोन बोटं अलीकडेच थांबली होती. मामींचा चेहरा उतरला. दरवर्षी नवमीला घरातली पोरं हेच पिस्तूल एकमेकांवर रोखून फोटो काढत.

त्या दिवशी पुढचं काही पाहिलं नाही. परवानाधारक बंदूक-दुरुस्तीवाल्याकडे ते नेलं. त्यानं आत तेल सोडून, मुरवून, हळूहळू जे बाहेर काढलं त्यात चिंध्यांचा एक काळा बोळा होता आणि कुंभारीण माशीचं मातीचं घर. दारू नव्हती. मामी म्हणाल्या, "माशीसुद्धा आमच्यापेक्षा शहाणी, रिकामी जागा बघून राहिली."

पिस्तूल घोडदळाचं. वीतभर नळी, आतून गुळगुळीत, तोंड साधारण ०.६५ इंचाचं. पितळी साज, अक्रोडाच्या लाकडाची मूठ, मुठीच्या बुडाला पितळी टोपण आणि त्यात कडी. दोरी बांधून स्वाराच्या कमरेला अडकवायची सोय. ठासायचा गज नळीच्या तोंडाशी बिजागरीनं पक्का जोडलेला. चालत्या घोड्यावर हातातून गज निसटला की स्वाराच्या हातात उरतं ते नुसतं लाकूड-लोखंड, म्हणून ही युक्ती. चकमकीचं नव्हे, टोपीचं: पिस्तुलाचा घोडा तांब्याच्या बारीक टोपीवर आपटतो, टोपीतला मसाला भडकतो, ज्वाला नळीत जाते. मसाला आपटून पेटवायची ही मूळ कल्पना फोर्साइथ नावाच्या स्कॉटिश पाद्र्याच्या डोक्यातून निघाली, १८०७ ला त्यानं पेटंट घेतलं, आणि इंग्रजी फौजेनं ती सरसकट स्वीकारायला १८४० च्या आसपासचा काळ उजाडला.

ही दोन सालं लक्षात ठेवली तरी निम्मे लबाड सापडतात. एका विक्रेत्याकडे मी टोपीचं पिस्तूल पाहिलं होतं, त्यावर कंपनीची हृदयाच्या आकाराची खूण आणि खाली १८१२. ईस्ट इंडिया कंपनीनं ती हृदयाची खूण १८०८ च्या सुमारास सोडली आणि तिच्या जागी मागच्या पायांवर उभा सिंह आणला. म्हणजे खूण जुनी, तंत्र नवं, साल दोहोंशी न जुळणारं. चकमकीचं पिस्तूल नंतर टोपीचं करून घेतलेलं असू शकतं, तसं सर्रास होई, पण मग लॉकच्या, म्हणजे घोडा-स्प्रिंगच्या यंत्रणेच्या, पट्टीवर जुन्या बारुदपात्राची आणि स्प्रिंगची भोकं बुजवल्याच्या खुणा राहतात. तिथे पट्टी कोरी होती. शिवाय अलीकडे उलटा धंदाही चालतो: चकमकीच्या हत्याराला जास्त भाव, म्हणून टोपीचं झालेलं पिस्तूल पुन्हा चकमकीचं करून विकतात. वायव्य सरहद्दीवरच्या कारागिरांच्या नकला तर ओळखायला सोप्या. हात विलक्षण कसबी, पण अक्षराची ओळख नाही, त्यामुळे इंग्रजी 'एन' उलटा पडतो आणि 'टॉवर' या इंग्रजी शिक्क्याचं स्पेलिंग प्रत्येक पिस्तुलावर वेगळं.

मामांच्या पिस्तुलावर सिंह होता. सिंहाखाली साल होतं, १८५ आणि पुढे एक पुसट रेघ. मामांना तिथे सात दिसत होता. त्यांच्या वडिलांनाही दिसे. मी पिस्तूल चौकात नेलं. हिवाळ्यातली दुपार, तिरपं ऊन पट्टीवरून घासत जाईल असं धरलं, भिंगातून पाहिलं, मग पट्टीवर टाल्कम पावडर भुरभुरून बोटानं पुसली की खोलगट रेषांत ती उरते, तेही केलं. एक, आठ, पाच स्वच्छ. चौथ्या आकड्याच्या जागी धातू गुळगुळीत. सात असू शकतो, एक असू शकतो, चाराची उभी रेघ असू शकते. मामांना तसं सांगितलं तर म्हणाले, "पण सात नाही असं तर नाही ना?" वकिलाच्या घराण्यातले आहेत.

सिंह खरा की नंतर ठोकलेला, हा मात्र सोडवता येण्यासारखा प्रश्न होता. ठसा ठोकला की धातू बाजूला सरकतो आणि खळग्याच्या काठाला बारीक उंचवटा राहतो, ओतीव नकलेत तो काठ मऊ, गोल येतो. त्याहून पक्की परीक्षा गंजाची. लोखंडावर गंजाचे बारीक खड्डे पडतात. खड्डा जर सिंहाच्या अंगावरून आरपार गेला असेल तर आधी सिंह, मग गंज. खड्ड्यांच्या वर सिंहाच्या रेषा कोऱ्या करकरीत बसल्या असतील तर आधी गंज, मग सिंह, म्हणजे लबाडी. इथे सिंहाच्या आयाळीतून एक खड्डा गेलेला होता आणि शेपटीचं टोक गंजानं खाल्लेलं. मला ते पाहून फार बरं वाटलं. मामांना शेपूट गेल्याचं वाईट वाटलं.

या नादातली सगळ्यात मोठी विद्या, माझ्या मते, झीज वाचण्याची आहे. खऱ्या वापराची झीज एका जागी जास्त असते, दुसऱ्या जागी जवळजवळ नसते, आणि का ते सांगता येतं. पिस्तूल घोड्याच्या खोगिराला बांधलेल्या चामडी म्यानात घासत राही, म्हणून नळीच्या तोंडाच्या कडा आणि एका कुशीचं लाकूड झिजतं. घोडा चढवताना अंगठा जिथे पडतो तिथली नक्षी जाते. मुठीवर तळहात बसतो तिथे लाकूड काळसर, तुळतुळीत होतं. नळी लाकडात बसते तिथे, खालच्या अंगाला, ऊन-पाऊस-हात काहीच पोचत नाही, म्हणून तिथे मूळचा रंग टिकून राहायला हवा. नकली म्हातारपण मात्र सगळीकडे सारखं असतं, नाटकातल्या पांढऱ्या केसांच्या टोपासारखं. आम्लात बुडवलेली, मिठात पुरलेली नळी वरून जेवढी खाल्लेली तेवढीच खालूनही. स्क्रूंच्या खाचांमध्येही तोच गंज. लबाडाला मेहनत सगळीकडे सारखी करायची सवय असते, काळाला नसते.

लाकडाचं पाहायचं तर बोट फिरवायचं. कारागीर लाकूड धातूपेक्षा केसभर वर ठेवत असे. बोटाला लाकडाचा काठ लागला तर ठीक. धातूचा काठ लागला तर कुणीतरी लाकूड तासून, पॉलिश करून 'नवं' केलेलं आहे, आणि त्या तासण्यात लाकडावरचे शिक्केही गेले. मामांच्या पिस्तुलाचं लाकूड वाचलेलं होतं. धातू नव्हता वाचलेला.

आता त्या लखलखीकडे येतो. खंडेनवमीला शस्त्रं घासून, पुसून पूजेला मांडायची हा आपला कुळाचार. घासायचं कशानं? पितळेला चिंच आणि राख, लोखंडाला विटकर. मामी या घरात सून म्हणून आल्या तेव्हापासून दर नवमीच्या आदल्या दिवशी त्या हे पिस्तूल घासत आल्या, त्यांच्याआधी त्यांच्या सासूबाई, त्यांच्याआधी त्यांच्या. इंग्रजी नळीला मुळात तपकिरी रंग चढवलेला असे, मुद्दाम, ऊन चमकून शत्रूला दिसू नये म्हणून. त्या रंगाचा कणही शिल्लक नव्हता. स्क्रूंच्या भोवतीचा धातू घासून घासून बशीसारखा खोल गेला होता. पट्टीच्या कडा, ज्या धारदार हव्यात, गोल झाल्या होत्या. आणि सालाचा चौथा आकडा असाच विटकरीखाली गेला. अमेरिकेतली नॅशनल रायफल असोसिएशन जुन्या शस्त्रांची प्रतवारी सांगते त्यात 'फाइन' म्हणवून घ्यायला मूळचा मुलामा तीस टक्क्यांहून जास्त उरलेला हवा, 'एक्सलंट'ला ऐंशीहून जास्त. त्या हिशेबानं आमचं पिस्तूल शून्यावर.

संग्राहक मंडळी अशा घासलेल्या हत्याराकडे पाहून नाक मुरडतात, आणि मीही मनात मुरडलं. मामींना ते दिसलं असावं. "घासलं नसतं तर केव्हाच गंजून भंगारवाल्याकडे गेलं असतं," त्या म्हणाल्या. "पलीकडच्या वाड्यात दोन बंदुका होत्या. त्यांच्याकडे पूजा बंद झाली, मग माळ्यावर गेल्या, मग एक दिवस कबाडीवाला." याला उत्तर नव्हतं. माझ्या पाहण्यात ग्वाल्हेरातली जी जी घरगुती हत्यारं टिकली ती पूजेत होती म्हणून टिकली. ज्या हातांनी आकडा पुसला त्याच हातांनी पिस्तूल राखलं. या दोन गोष्टींची वजाबाकी करून काय उरतं ते मला अजून मांडता आलेलं नाही.

खरा पेच पुढे होता. खाचेत नीट बसेल असा पेचकस घासून तयार केला (बाजारातला पेचकस सरळ घालणारा माणूस मला हत्यार फोडणाऱ्याइतकाच भीतिदायक वाटतो) आणि दुरुस्तीवाल्याच्या देखरेखीखाली नळी सुटी केली. त्या काळी सगळ्या स्क्रूंचे आटे एकसारखे नसत, एका पिस्तुलाचा स्क्रू दुसऱ्याला बसेलच असं नाही. म्हणून जोडणारा कारागीर एका पिस्तुलाच्या सगळ्या भागांवर कानशीनं एकच खूण करून ठेवी, दोन रेघा, तीन रेघा, रोमन आकडा. विसाव्या शतकातल्या ल्यूगर पिस्तुलात लोक क्रमांक जुळतात का पाहतात, त्याचीच ही आजी. लॉकच्या आतल्या अंगाला सात होता. नळीच्या खाली तीन. नळीवर कंपनीची खूणही नव्हती, बर्मिंगहॅमच्या चाचणीघराची होती: मुकुट आणि त्याखाली एकमेकांवर आडवे दोन राजदंड. ते चाचणीघर १८१३ चं, तिथे खाजगी व्यापाऱ्यांच्या नळ्या तपासून निघत. म्हणजे लॉक कंपनीचं, नळी बाजारची. नळी बसावी म्हणून लाकडात मागच्या बाजूला एक पातळ चीप चढवलेली.

"म्हणजे नकली?" मामांनी विचारलं. धाकटे मामा मागे उभे होते, त्यांच्या चेहऱ्यावर सुटल्याचा भाव. नकली निघालं तर वाटणीत मोजायला नको.

जोडलेलं आहे, एवढं खरं होतं. कधी जोडलं, हा प्रश्न. मागच्या पन्नास वर्षांत कुणा व्यापाऱ्यानं दोन मोडक्या पिस्तुलांचं एक केलं असेल तर ती फसवणूक. पण संस्थानी फौजेच्या कारखान्यात ते झालं असेल तर ती दुरुस्ती, आणि तिचा स्वतःचा इतिहास आहे. शिंद्यांच्या पदरी असल्या कामाची परंपरा जुनीच. महादजींच्या वेळी त्यांचा युरोपीय सेनानी द ब्वान्य यानं आग्र्याला तोफखाना उभारला तिथे सँगस्टर नावाचा स्कॉट माणूस दहा-दहा रुपयांत बंदुका घडवून देई. १८४३ च्या महाराजपूर-पनियारच्या पराभवानंतर मात्र तहानं दरबारची फौज नऊ हजारांवर आली, आणि हिसकावलेल्या तोफांच्या धातूतून इंग्रजांनी आपल्या शिपायांसाठी पदकं ओतली. सत्तावन्ननंतर तर संस्थानांना एक पिढी मागचीच हत्यारं मिळत. जे हातात आहे ते मोडलं की जोडून चालवायचं, दुसरा मार्ग नव्हता.

पुरावा शेवटी सापडला तो टोपीच्या मसाल्यात. या मसाल्याची राख मिठासारखी असते, हवेतलं पाणी ओढते आणि लोखंड खाते. म्हणून टोपी जिथे बसते त्या भोवती नेहमी खोल खड्डे असतात. नळीवर ते होतेच. भिंग घेऊन मी ते खड्डे कुठवर जातात ते पाहत गेलो. नळीच्या कडेला पोचून ते थांबले नाहीत. शिवण ओलांडून लॉकच्या पट्टीच्या वरच्या काठावर त्याच रेषेत, त्याच खोलीनं पुढे गेले होते, आणि त्याच्याही पुढे लाकूड जळून करपलेलं, चढवलेल्या त्या चिपेसकट. नळी आणि लॉक वेगवेगळ्या घरची असतील, पण लग्न लागल्यानंतर ही जोडी पुष्कळ वेळा झडलेली होती. कुणी विकण्यासाठी जोडलेलं पिस्तूल असं झाडत बसत नाही.

आणि मुठीच्या टोपणावर, जिथे मामी दर वर्षी कुंकवाचं बोट लावत, तिथे कुंकवाचा थर साचला होता. ओल्या कापसानं तो हलकेच टिपला तर खाली बारीक टिंबं दिसू लागली. ठिपक्याठिपक्यांनी ठोकलेला नागरी आकडा: २१७. असे ठिपक्यांचे नागरी आकडे संस्थानी शस्त्रागारांत हत्यारांवर ठोकत, बिकानेरच्या शस्त्रांवर तर ते ओळीनं आढळतात. टिंबांच्या तळाशी काळं, घट्ट तेलाचं कीट होतं आणि कुंकू त्याच्या वर. म्हणजे आकडा आधीचा, मग कित्येक वर्षांचा तेलाचा हात, आणि पूजेला बसणं सगळ्यात शेवटी. इथे चिंचही पुरी पोचली नव्हती, कारण कुंकवानं भोकं बुजवून ठेवली होती.

मामांना मी सांगितलं ते असं: पिस्तूल खरं आहे. लॉक कंपनीच्या काळातलं, १८५० नंतरचं आणि १८५८ ला कंपनीचं राज्य संपलं त्याच्या आतलं. नळी नंतर बदललेली. कुठल्यातरी देशी रिसाल्यात ते २१७ नंबरानं जमेला होतं आणि तिथे झडलं. तुमच्या पणजोबांकडे ते कसं आलं हे पिस्तूल सांगत नाही, आणि सत्तावन्नचं नाव मी त्यावर घालणार नाही. मामा बराच वेळ टोपणाकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "दोनशे सतरा म्हणजे आधी दोनशे सोळा असतील. ते कुणाच्या घरी असतील रे?" धाकटे मामा म्हणाले, "किमतीचं बोला."

किंमत मी सांगत नाही, कुणालाच. पण त्यावरून कायद्याचा विषय निघाला, आणि खरी डोकेदुखी तिथे. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या ४५ व्या कलमात जुन्या तऱ्हेची, पुरातन मोलाची किंवा नादुरुस्त हत्यारं वगळलेली आहेत, पण अट अशी की ते दुरुस्त करूनसुद्धा बंदूक म्हणून चालवता येऊ नये. नुसतं जुनं असून भागत नाही. आमच्या पिस्तुलाची मोठी स्प्रिंग जिवंत होती, घोडा अर्ध्यावर आणि पुऱ्यावर दोन्हीकडे टक्कन थांबत होता, ठिणगीचं भोक मोकळं. दुरुस्तीवाला घोड्याचा तो आवाज ऐकून खूश होऊन माझ्याकडे पाहत होता, आणि मी कलम ४५ आठवत होतो. संग्राहकाला जे हवं नेमकं तेच कायद्याला नको. पिस्तूल जितकं धड, तितकी कागदपत्रं जास्त. शंभर वर्षांहून जुनी वस्तू म्हणून १९७२ चा पुरावस्तू कायदाही लागतो, परदेशातल्या नातवाकडे पाठवायचा मामांचा बेत त्यातच बारगळला.

मामेभावानं तोडगा काढला होता. "नळीत वेल्डिंग मारून टाकू, कटकट नको." असं किती पिस्तुलांचं झालेलं मी पाहिलं आहे: नळीत शिशाचा गोळा, लॉकमध्ये आरपार भोक, वर चांदीचा रंग आणि दिवाणखान्याच्या भिंतीवर. कटकट जाते हे खरं. त्याच्याबरोबर ते सगळं जातं जे मी इतका वेळ वाचत बसलो होतो. मी मामांना एवढंच म्हटलं, की वेल्डिंग कधीही करता येईल, उलटं कधीच करता येणार नाही. फोटो, मापं, खुणांचं वर्णन जोडून कलेक्टर कचेरीत अर्ज करा, वडिलोपार्जित वस्तू म्हणून, कुणातरी एका भावाच्या नावानं. कुणाच्या, यावर आणखी एक संध्याकाळ गेली. शेवटी ज्याच्या घरी देवघर जाणार त्याच्या नावानं ठरलं, म्हणजे थोरल्या मामांच्या.

अर्ज मीच लिहायला बसलो. वर्णनाच्या रकान्यात मामांना "१८५७ च्या स्वातंत्र्यसमरातील" हवं होतं. मी "साल १८५–, शेवटचा आकडा अस्पष्ट" असं लिहिलं. हत्याराचा क्रमांक असा एक रकाना होता, तिथे काय लिहायचं याची कुणाला अडचण पडली नाही.

राहिली निगा. चिंच, राख, विटकर कायमची बंद. वर्षातून दोनदा कोरड्या सुती कापडानं पुसायचं, लोखंडाला हलका तेलाचा हात, वर संग्रहालयं वापरतात तसल्या मेणाचा पातळ थर. चामड्यात गुंडाळायचं नाही. रिकामा घोडा आपटायचा नाही. ओलं गंध, ओली फुलं, नारळाचं पाणी धातूवर नको. इथवर मामी ऐकत होत्या.

"मग नवमीला पूजा कशाची करायची?"

मी म्हटलं, परवाना आला की त्याला गंध लावा.

"कागदाची पूजा लक्ष्मीपूजनाला होते," मामी म्हणाल्या, "नवमीला शस्त्राची." यावर मामा, धाकटे मामा, मामेभाऊ सगळे पहिल्यांदाच एका बाजूला झाले. थोडी ओढाताण होऊन तोड निघाली ती अशी: पिस्तूल पाटावर, हळदकुंकू पाटाच्या पुढच्या काठाला, आणि मधे मेणकापड. टोपणावर, आकड्यापासून दूर, कुंकवाचा एक कोरडा ठिपका मामींनी मागून घेतला. तो मी दिला.